पत्रिकेवरून ठेवलेलं नाव

आपल्याकडे पत्रिका बघून मुलांची नावं ठेवतात. मॉरिस व्हाइटने पत्रिका बघून बँडचं नाव ठेवलं! रास धनू, म्हणजे अग्नी. जोडीला पृथ्वी आणि वायू. झालं, 'अर्थ, विंड अँड फायर'.

मॉरिस मूळचा ड्रमर. शिकागोत रॅम्से लुईसच्या साथीला वाजवायचा. १९६९ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला. फंक, सोल, जॅझ, आफ्रिकन कलिंबा, सगळं एकत्र. १९७५ मध्ये 'शायनिंग स्टार' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, १९७८ मध्ये 'सप्टेंबर' आलं. दर २१ सप्टेंबरला लोक ते अजून आठवणीने लावतात.

मला मात्र पुढची गोष्ट जास्त भिडते. पार्किन्सन्समुळे १९९४ नंतर मॉरिसने बँडबरोबरचे दौरे सोडले. ज्याने जगाला नाचवलं, त्याचंच शरीर त्याचं ऐकेना. पण त्याने बँड गुंडाळला नाही. स्टेजवर भाऊ व्हर्डीन बेस वाजवत राहिला, फिलिप बेली गात राहिला. २०१६ मध्ये मॉरिस गेला, तरी बँड थांबला नाही.

आपण उभं केलेलं आपल्याशिवाय चालू द्यायला मन मोठं लागतं. मला जमेल? कुणास ठाऊक.

असो. गाणं परत लावतो.