वर्षभराने पेशंट कसा आहे?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कुणाचं तरी ऑपरेशन झालेलं असेल. टाके काढले, फाईल हातात मिळाली, घरी आलात. त्यानंतर वर्षभराने हॉस्पिटलमधून कुणी फोन करून विचारलं का, की ज्या त्रासासाठी ऑपरेशन केलं तो त्रास गेला का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच असेल.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बोस्टनच्या एका सर्जनने विचारला आणि त्यापायी तो एकटा पडला. त्याचं नाव डॉ. अर्नेस्ट कॉडमन.

कॉडमनला नोंदी ठेवायची सवय विद्यार्थीदशेपासूनच होती. तो आणि त्याचा वर्गमित्र हार्वे कुशिंग (पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत नावाजलेला) ईथरने भूल देताना पेशंटची नाडी आणि श्वास कागदावर टिपत. आज भूलतज्ज्ञ ठेवतात त्या तक्त्याची ही सुरुवात.

पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करताना त्याने एक साधी पद्धत मांडली. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करायचं. तक्रार काय होती, निदान काय केलं, उपचार काय दिले, गुंतागुंत झाली का, हे त्यावर लिहायचं. मग वर्षभराने पेशंटला पुन्हा तपासायचं. गुण आला नसेल तर का आला नाही, हे शोधायचं : निदान चुकलं, कौशल्य कमी पडलं, काळजी किंवा साधनं अपुरी होती, की आजारच हाताबाहेरचा होता?

त्या काळी तिथे सर्जनला बढती ज्येष्ठतेनुसार मिळे. कॉडमनचं म्हणणं, ती कामाच्या निकालावर मिळावी. हे कुणाला रुचलं नाही. 1914 मध्ये त्याने राजीनामा दिला. 1915 मध्ये डॉक्टरांच्या एका सभेत त्याने मोठं व्यंगचित्र दाखवलं. त्यात वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतोय आणि डॉक्टर ती गोळा करताहेत. शहामृग म्हणजे काहीही न विचारणारे श्रीमंत पेशंट! सभेत गदारोळ झाला. स्थानिक संघटनेचं पद गेलं, हार्वर्डमधली शिकवण्याची नेमणूकही गेली.

पण त्याने आधी स्वतःचंच माप काढलं होतं. 1911 ते 1916 या काळात त्याच्या छोट्या हॉस्पिटलमधून 337 पेशंट घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या 123 चुका त्याने स्वतः छापून जाहीर केल्या. हॉस्पिटल मात्र चाललं नाही.

दरम्यान 1913 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने हॉस्पिटलसाठी किमान निकष ठरवले. 1918 च्या पाहणीत शंभर किंवा जास्त खाटांच्या 692 हॉस्पिटलांपैकी फक्त 89 त्यात बसली. नापास झालेल्यांत मोठी नावं होती. ती बाहेर फुटू नयेत म्हणून 1919 मध्ये यादीच न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळली गेली, असं सांगतात. पण काम थांबलं नाही. त्यातूनच 1951 मध्ये अमेरिकेत हॉस्पिटलांची तपासणी करून मानांकन देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. आपल्याकडे काही हॉस्पिटलांच्या दारात 'एनएबीएच'ची पाटी दिसते, तीही याच विचाराची.

कॉडमन 1940 मध्ये गेला. त्याच्या कबरीवर कित्येक वर्षं नावाचा दगडही नव्हता.

खरं सांगायचं तर, जो पेशंट परत येत नाही तो बरा झाला असेल, असं आम्ही डॉक्टर सोयीने धरून चालतो. कदाचित तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो. म्हणून एक विनंती. बरं वाटत असलं तरी ठरलेल्या तारखेला दाखवायला या. गुण आला नसेल तर संकोच न करता तोंडावर सांगा. जुनी फाईल जपून ठेवा. आणि ऑपरेशनआधी जरूर विचारा, "डॉक्टर, तुमचे असे पेशंट वर्षभराने कसे असतात?"

या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही. उत्तर आमच्याकडे तयार असायला हवं.