लावणीचा इतिहास आणि स्त्री-अभ्यास : कवठे येमाईच्या निमित्ताने

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांचे गाव. तमाशा फडांसाठी त्यांनी लावण्या, गवळणी व वगनाट्ये लिहिली आणि राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला. पुरस्काराला नाव कलावतीचे आहे; परंतु तमाशाच्या लिखित इतिहासात शब्दांवर शाहिराचे नाव राहिले, ते शब्द रंगमंचावर उभे करणाऱ्या स्त्रीचे श्रम बहुधा नोंदीबाहेरच राहिले. या विषमतेचा शोध स्त्री-अभ्यासाने कसा घेतला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

एस.एन.डी.टी. विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठात असे केंद्र १९८७ मध्ये स्थापन झाले. त्याच विद्यापीठातील शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी १९९५ च्या शोधनिबंधात लावणी कलावतींची लैंगिकता व श्रम यांवर जातिव्यवस्था आणि राज्यसत्ता यांनी कसा ताबा मिळविला, याची ऐतिहासिक मांडणी केली. त्यामुळे लावणी ही केवळ शृंगाररचना न राहता जात, श्रम आणि पितृसत्ता यांच्या अभ्यासाचे साधन ठरली.

स्त्रीवादी सिद्धांत शिकणाऱ्या ग्रामीण विद्यार्थिनीला हे साधन स्वतःच्या परिसरातच उपलब्ध आहे. मात्र छापील रचना टिकतात. वृद्ध कलावतींचे कथन त्यांच्याबरोबरच लोप पावते. ते वेळीच नोंदविणे, हे मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांचे संयुक्त दायित्व होय.