माथेरानला जायचं, पण कशात बसून?

दिवाळीची सुट्टी लागायला आठ दिवस होते. सावेडीतल्या आमच्या घरात जेवणानंतर वही उघडून बसलो होतो. मुलगी आठवीत, धाकटा चौथीत. दोघांचं एकच म्हणणं, यंदा डोंगरावर जायचं. "डोंगर म्हणजे चांदबीबीचा महाल नाही हं अब्बू, खरा डोंगर," असं धाकट्याने आधीच बजावून ठेवलं होतं. बिचाऱ्याच्या सगळ्या सहली तिथेच झाल्या आहेत. नगरच्या मुलांची सहल फराहबागेत नाहीतर चांदबीबीच्या महालात. तो महाल चांदबीबीचा नाही, निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची ती कबर आहे, हे मी त्याला दर वेळी सांगतो आणि दर वेळी तो विसरतो.

महाबळेश्वर महाग पडत होतं. शेवटी माथेरान ठरलं. मुलांना छोटी रेल्वे पाहायची होती, बायकोला गाड्यांचा गोंगाट नको होता. माथेरानमध्ये गाड्यांना बंदी आहे, दस्तुरी नाक्यावर वाहन सोडावं लागतं, हे तिला फार आवडलं. वहीत मी पाच नावं लिहिली. तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "मेरा नाम काट दे."

अम्मींचे गुडघे गेलेत. दस्तुरी नाक्यापासून माथेरानचा बाजार अडीच-तीन किलोमीटर. मी म्हटलं, "अम्मी, चालायचं नाही. तिथे हातरिक्षा असते. माणूस ओढतो, आपण बसायचं." त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मेरे बावा ने जिनगीभर गाडी खिंची. मैं किसीके हात की गाडी में नै बैठती."

माझे नाना नगरच्या आडतेबाजारात हातगाडी ओढायचे. गूळ, डाळी, पेंडीची पोती. मी त्यांना पाहिलंय ते म्हातारपणी, पण त्यांच्या तळहातांचे घट्टे मला आठवतात. मी शिक्षक, बी.एड. झालेला, मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायला लावणारा. हातरिक्षा सुचवताना मला नाना आठवले नाहीत. अम्मींना आठवले.

त्या रात्री वही तशीच राहिली. मी माथेरानचा इतिहास वाचायला बसलो. हॉटेलांचे दर आणि पॉइंटांची यादी सगळीकडे मिळते. मला पाहायचं होतं ते वेगळं. त्या डोंगरावर आजवर लोक गेले कसे, आणि त्यांना वर नेलं कोणी?

पुस्तकांत गोष्ट 1850 पासून सुरू होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षी मे महिन्यात चौक गावाकडून डोंगर चढून वर गेले. तिथली हवा त्यांना आवडली. मग त्यांनी घर बांधलं आणि माथेरानचा 'शोध' लागला. पण माथेरान हे नाव मराठी आहे, माथ्यावरचं रान. ज्या डोंगराला आधीच नाव होतं, त्याचा शोध कसा लागतो? तिथे धनगर, ठाकर, कातकरी वावरत होते. शार्लोट लेकच्या काठावर पिसारनाथाचं देऊळ आहे. तळ्याला मडमेचं नाव आणि काठावर गावचा देव, माथेरानचा अर्धा इतिहास तर एवढ्यातच आला. मुलांना घेऊन जाणार असाल, तर त्या तळ्याकाठी दोन मिनिटं थांबून एवढं जरूर सांगा.

मॅलेटनंतर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी वर बंगला बांधला आणि माथेरान बड्या लोकांचं झालं. त्याच सुमारास रेल्वे आली. 1853 मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली आणि 1856 मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले. वाटेवर नेरळ होतं. मुंबईचा माणूस आता काही तासांत डोंगराच्या पायथ्याशी येऊ लागला. पुढे मात्र उभा चढ. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आणि माथेरान सुमारे 800 मीटरवर.

इथे धाकट्याचा एक प्रश्न सांगतो. त्याने विचारलं, "आपलं नगर किती मीटरवर?" मी म्हटलं, साधारण 650. म्हणजे माथेरान नगरपेक्षा दीडशे मीटरच उंच! तो हिरमुसला. मग त्याला नकाशा दाखवला. नगर पठारावर आहे. माळशेज घाट उतरून आधी कोकणात जायचं आणि मग पुन्हा वर चढायचं. डोंगर उंच की सखल, हे तुम्ही कुठे उभे राहून बघता त्यावर असतं. नेरळच्या स्टेशनात घाम पुसत उभ्या असलेल्या मुंबईकराला तो आभाळाएवढा वाटणारच.

त्या चढावर साहेब, मडम, शेटजी आणि त्यांच्या पेट्या वर कशा गेल्या? घोड्यावरून, आणि माणसांच्या खांद्यावरून. पालख्या, डोल्या आणि डोक्यावरची ओझी. 1856 ते 1907 अशी 51 वर्षं हे चाललं. माथेरानला पॅनोरमा, लुईझा, अलेक्झांडर, एको असे कितीतरी पॉइंट आहेत. ज्यांच्या खांद्यावर बसून लोक त्या पॉइंटांपर्यंत गेले, त्यांच्या नावाचा पॉइंट माझ्या तरी पाहण्यात नाही.

यानंतर या गोष्टीत येतात आदमजी पीरभाई. काठियावाडातून मुंबईत आलेले दाऊदी बोहरा. गरिबीतून वर आले आणि लष्कराला तंबू, बूट पुरवण्याच्या धंद्यात मोठे झाले. 1897 साली ते मुंबईचे शेरीफ होते आणि पुढे त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. एकदा ते माथेरानला जायला नेरळला उतरले, पण ऐन हंगामात ना घोडा मिळाला ना पालखी. त्यांना परत फिरावं लागलं. तेव्हा त्यांनी ठरवलं म्हणे, की या डोंगरावर आगगाडी नेईन. गोष्ट खरी की लोकांनी रंगवलेली, ते बाजूला ठेवू. गाडी मात्र खरी आहे.

ती बांधली त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांनी. काम 1904 मध्ये सुरू झालं आणि मार्च 1907 मध्ये गाडी धावू लागली. खर्च 16 लाख रुपये, तोही पीरभाई घराण्याने घातलेला. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. नेरळ ते माथेरान सुमारे 21 किलोमीटर. चढ काही ठिकाणी इतका कडक, की वीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते. डोंगर पोखरण्यापेक्षा त्याला वळसे घालत जायचं असं ठरवल्याने सगळ्या वाटेवर बोगदा एकच. वळणं अशी अरुंद, की पुढच्या डब्यातला माणूस मागच्या डब्यातल्याला हात करू शकतो. जर्मनीहून आणलेली वाफेची इंजिनं या वळणांसाठी खास बनवली होती. त्यांचे पुढचे-मागचे आस वळणावर थोडे सरकत. ही इंजिनं 1980 नंतरही काही काळ धावत होती.

मुलीला हे सांगत होतो तर ती म्हणाली, "म्हणजे ही रेल्वे इंग्रजांनी नाही बांधली?" नाही बेटा. राज्य इंग्रजांचं होतं, पैसा आणि जिद्द मुंबईतल्या एका बोहरा घराण्याची, आणि पहारी-घमेली इथल्या मजुरांची. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी इथे लिहीत नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या चेहऱ्याची किंमत कळते. एवढंच म्हणेन, की आपल्या मुलांना या राज्याच्या इतिहासात आपलं काही बांधलेलं दिसलं, की ती तो इतिहास परक्यासारखा वाचत नाहीत.

पण आदमजींवर थांबलो तर गोष्ट पुन्हा शेटजींचीच होईल. याच माथेरानात 1912 साली एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. तेच हुतात्मा भाई कोतवाल. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठी चालवली. 1942 च्या आंदोलनात त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून हा दस्ता कारखान्यांचा वीजपुरवठा तोडत असे. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील शहीद झाले. मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात आझाद दस्त्याचा उल्लेख आहे. ते भाई कोतवाल माथेरानचे, हे तिला माहीत नव्हतं. आमच्या वाटेवर मुरबाड लागतं आणि सिद्धगड त्याच तालुक्यात आहे. एसटीच्या खिडकीतून तो डोंगर शोधायचं काम मी तिच्यावर सोपवलंय.

आता पुन्हा अम्मींकडे येतो.

आदमजींच्या गाडीने माणसं नेरळहून माथेरानच्या बाजारापर्यंत आणली, पुढे नाही. बाजारापासून बंगले, हॉटेलं, पॉइंट, सगळीकडे लाल मातीची वाट. मोटारींना बंदी, आणि ती योग्यच आहे. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे ते रान अजून टिकून आहे. पण मोटार नाही म्हणजे घोडा आला, नाहीतर हातरिक्षा आली. एक माणूस पुढे ओढणार, एक-दोघे मागून ढकलणार. धूर नाही, आवाज नाही, फक्त त्यांचा दम लागलेला ऐकू येणार.

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने म्हटलं, की स्वातंत्र्याला 78 वर्षं झाल्यावरही माणसाने माणसाला ओढणं अमानुष आहे, आणि सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. सोबत हेही सांगितलं, की ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, त्यांना ई-रिक्षा द्या. ई-रिक्षाची चाचणी तिथे 2022 च्या अखेरीस सुरू झालीच होती. म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा जुनं आणि नवं दोन्ही रस्त्यावर असेल.

मी अम्मींना हे वाचून दाखवलं. मला वाटलं खूश होतील. त्या म्हणाल्या, "अच्छा हुआ. मगर गाडी बंद हुई तो उसके घर में चूल्हा कैसे जलेगा?"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. बाजारात टेंपो आले तेव्हा नानांची हातगाडी घराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. ओढावी लागत नाही म्हणून नाना सुटले असं सगळे म्हणाले. पण त्यांना टेंपो कोणी दिला नाही. दोन वर्षं ते रोज सकाळी गाडीच्या चाकात तेल घालायचे. मग ती लाकडाच्या भावाने विकली. "गाडी ओढणं वाईट होतं, बेटा. पण गाडी जाऊन हाती काहीच न येणं, ते त्याहून वाईट."

न्यायालयाच्या निकालातली दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची का आहे, हे मला अम्मींनी समजावलं. ई-रिक्षा आली आणि ती भलत्याच्याच हाती गेली, तर इतक्या वर्षांचं ओझं उतरूनही ओढणाऱ्याच्या पदरात काही पडणार नाही.

शेवटी वहीत जे ठरलं ते लिहितो, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडेल. तारकपूर स्टँडवरून सकाळची कल्याण गाडी. आळेफाट्याला चहा, मग माळशेज घाट. कल्याणहून कर्जत लोकलने नेरळ. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे बंद असते आणि दिवाळीपर्यंत ती सुरू होईलच असं धरून चालू नये. म्हणून नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी. तिथून अमन लॉज स्टेशन जवळच आहे, तेवढं अम्मी काठी टेकत, बसत-उठत चालतील. अमन लॉज ते माथेरान आदमजींच्या रुळांवरून. खोली बाजारात, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावर. खिडकीतून दरी दिसणार नाही, स्वस्तही पडेल. पुढचे पॉइंट आम्ही मुलांना घेऊन पायी करू. अम्मींना एखादा पॉइंट पाहायचा असला, तर ई-रिक्षा. आणि चालवणाऱ्याला आधी विचारायचं, "भाऊ, पूर्वी तुम्हीच ओढायचात का?" हा प्रश्न अम्मींचा. उत्तर 'हो' आलं तरच त्या बसणार आहेत.

अम्मींनी माझ्या हातून पेन घेतला. पाच नावांपैकी एक मी त्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून खोडलं होतं. त्यांनी ते खाली, स्वतःच्या अक्षरात, उर्दूत पुन्हा लिहिलं.