रेघ कुठे ओढायची? उंदराच्या स्कॅनमधल्या मोजणीचा इतिहास

आंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे सीटी स्कॅन हा शब्द इथे कुणाला नवा नाही. पण स्कॅनचं चित्र निघाल्यावर त्यात मोजायचं नेमकं कुठून कुठपर्यंत? आज या प्रश्नाचा इतिहास पाहू.

आपल्या बीड जिल्ह्यात शेताची मोजणी करायची तर आधी हद्द ठरवावी लागते. बांध सरकला की क्षेत्र बदलतं. स्कॅनचंही तसंच आहे. गाठीभोवती किंवा अवयवाभोवती रेघ ओढून आतला भाग मोजतात. त्या भागाला ‘रीजन ऑफ इंटरेस्ट’ म्हणतात. आपण मोजणीचं क्षेत्र म्हणू.

ही रीत आधी माणसांसाठी रुळली. १९५० च्या दशकात अमेरिकेत हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा तयार केला. पुढे त्याला संगणक जोडला गेला. मग डाव्या आणि उजव्या मूत्रपिंडाभोवती वेगळी रेघ ओढून कोणतं किती काम करतंय, हे मोजता येऊ लागलं. १९७१ मध्ये लंडनला हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला.

उंदरांची पाळी नंतर आली. त्याआधी औषध शरीरात कुठे पोचलं हे पाहायला उंदीर मारून, अवयव काढून मोजावे लागत. प्रत्येक वेळेच्या मोजणीला वेगळे उंदीर. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपेट हे छोट्या प्राण्यांसाठीचं यंत्र बनवलं. आता तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे तपासता येतो. कमी प्राणी लागतात. आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये अशी सोय आहे.

पण इथेच खरी मेख आहे. समजा, उंदराची गाठ ४ मिलिमीटरची, गोल. रेघ सगळीकडून अर्धा मिलिमीटर बाहेर गेली, की व्यास ५ होतो आणि आकारमान जवळजवळ दुप्पट! माणसाच्या ४ सेंटिमीटरच्या गाठीत तीच चूक फक्त ८ टक्क्यांची. म्हणजे औषधाने उंदराची गाठ निम्मी केली असली, तरी नुसत्या ढिल्या रेघेने तो गुण पुसला जाईल. किंवा नसलेला गुण दिसेल.

म्हणून नियम आले. रेघ कशी ओढायची हे प्रयोगाआधी ठरवायचं. कुठल्या उंदराला औषध दिलंय, हे रेघ ओढणाऱ्याला कळू द्यायचं नाही. दोघांनी स्वतंत्रपणे ओढून ताडून पाहायचं. संगणकाने ओढली तरी किती उजळ ठिपके आत घ्यायचे, तो आकडा माणूसच ठरवतो. तोही लिहून ठेवायचा.

उद्या तेच औषध इथल्या एखाद्या रुग्णाला द्यायचं की नाही, हे ठरवताना या मोजणीचाही आधार घेतला जाईल. तेव्हा ‘गाठ निम्मी झाली’ अशी बातमी वाचलीत, तर एवढं जरूर विचारा: रेघ कोणी ओढली, आणि कोणत्या नियमाने?