सात दिवसांचा संप आणि रखडलेला पंचनामा

सरकारी कचेऱ्या बंद पडतात तेव्हा इतिहासात तारखा आणि मागण्या नोंदल्या जातात. घराघरांत काय अडलं, हे आपल्यालाच विचारावं लागतं.

14 ते 20 मार्च 2023. राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर होते. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीत आलेल्यांना तेव्हा ती पेन्शन नव्हती. म्हातारपणाची काळजी काही खोटी नव्हे. 1977-78 मधला संप तर 54 दिवस चालला होता.

पण त्याच आठवड्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हे गहू-हरभरा काढणीचे दिवस. मदत मिळायची तर किमान 33 टक्के नुकसान पंचनाम्यात दिसायला हवं. तो करायचा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकानं. आणि तेच संपावर! गारा तर बघता बघता विरघळतात. आडवा झालेला गहू उचलला तर पुरावा जातो, तसाच ठेवला तर दाणा काळा पडतो.

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असं आपण हसत म्हणतो. इथे सात दिवसही जड होते.

संपावरचा तलाठीही अनेकदा शेतकऱ्याच्याच घरातला. लेकाला म्हातारपणाची हमी हवी होती, बापाला या हंगामाची. 20 मार्चला आश्वासन मिळालं, संप मिटला. या संपाचा इतिहास लिहिताना आपण लेकाची मागणी लिहू. त्याच पानावर बापाचा रखडलेला पंचनामाही लिहिला पाहिजे.