बावन्न माणसांचा एक माणूस

अ‍ॅलेक गिनेस यांनी १९४९च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या इंग्रजी चित्रपटात एकाच घराण्यातली आठ माणसं वठवली, त्याचं कौतुक अजून ओसरलेलं नाही. पण त्यांच्या मदतीला रंगभूषा होती, कॅमेरा होता, दोन शॉटच्या मधे चहा प्यायला सवड होती. आमच्या औरंगाबादच्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न माणसं उभी केली, साधारण तीन तासांत आणि एकट्यानं. या विक्रमाची नोंद ज्या पुस्तकात झाली त्याचंही नाव गिनेसच, हा निव्वळ योगायोग.

देशपांडे (१९४३–२००९) औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. एकपात्री प्रयोग मराठीला नवा नव्हता. पुलंची 'बटाट्याची चाळ' १९६१ पासून रंगमंचावर होती, पण ती चाळ गिरगावातली. आमची बोली नाटकात यायची ती बहुधा गडी, हवालदार, वाट चुकलेला पाहुणा यांच्या तोंडी. दोन वाक्यं, एक हशा आणि आत. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या, दखनी-उर्दूच्या शेजारानं वाढलेल्या मराठीला पुण्या-मुंबईत 'अशुद्ध' म्हणत. मी दौलताबादचा, कॉलेजात असताना 'पुन्हा बोल ना तसं' ही फर्माईश मीही ऐकली आहे. ती प्रेमाची असते, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

'वऱ्हाड'मध्ये ही बोली पाहुणी नव्हती, यजमान होती. खेड्यातलं अख्खं गणगोत विमानानं लंडनला लग्नाला निघतं. (गाव उठवून दूर नेण्याचा खेळ दौलताबादला नवा नाही, १३२७ साली तुघलकानं दिल्लीकरांना इकडं आणलं, फक्त तेव्हा कुणी हसलं नसावं.) गंमत कुणाची होते, हा खरा प्रश्न. देशपांड्यांचा वऱ्हाडी विमानाला बिचकतो, पण दिपून जात नाही; तो लंडनलाही गावच्याच मापानं मोजतो. मान जरा कलली, खांदा पडला, आवाज चढला, की म्हाताऱ्याची पोरगी होते नि पोरीचा कुणी रुसलेला सोयरा. हे नकलाकाराचं काम नव्हे. नक्कल माणसाची एकच लकब उचलते. देशपांडे माणसाचा हट्टही उचलत. प्रयोग कधी कधी लांबतो, लग्नघरासारखाच, आणि मला ते खटकतं. पण त्या पसाऱ्यातली बायकांची बोलणी मी एकही कापू देणार नाही.

त्यांच्यानंतर हे वऱ्हाड संदीप पाठक यांनी पुढं नेलं. तेही मराठवाड्याचेच, माजलगावचे.