गाळाची बखर

इतिहास म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें बखरी, सनदा आणि ताम्रपट उभे राहतात. परंतु सांताक्रूझच्या कलिना भागांत, मुंबई विद्यापीठाच्या आवारापासून थोड्याच अंतरावरून वाहणारी मिठी नदी हीही एक बखरच लिहीत आली आहे. ती कागदावर नसून गाळांत आहे, आणि ती वाचण्याची विद्या म्हणजे भू-रसायनशास्त्र होय.

विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत ही नदी सुमारें 18 किलोमीटर वाहते. कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्यांतील शिसें, तांबें, क्रोमियम इत्यादि धातु मातीच्या सूक्ष्म कणांस चिकटून तिच्या तळाशीं बसतात. येथेंच संशोधकाची खरी परीक्षा असते. आमच्या काळ्या पाषाणांत तांबें, निकेल व क्रोमियम हे धातु निसर्गतःच असतात. तेव्हां गाळांत धातु सांपडला एवढ्यावरून माणसास दोषी ठरवितां येत नाहीं. मूळ खडकांतील प्रमाण आधीं काढावें, आणि जें अधिक भरेल तेंच आपल्या नांवावर मांडावें, हाच न्याय होय.

बखरीस तिथि हवी. ती शिशाच्याच एका किरणोत्सर्गी प्रकारापासून मिळते. जमिनींतून निघणाऱ्या रेडॉन वायूपासून हवेंत शिसें-210 तयार होतें, पावसाबरोबर खालीं येतें, आणि दर 22 वर्षांनीं निम्में उरतें. थर जितका जुना, तितकें तें कमी. तळ्यांच्या गाळाचें वय या रीतीनें ठरविण्याचा पाया घालणाऱ्यांत देवेंद्र लाल व एस. कृष्णस्वामी हे मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. फ्रेंच सहकाऱ्यांसह त्यांनीं लिहिलेला निबंध 1971 सालीं प्रसिद्ध झाला.

26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदविला. मिठी कोपली आणि मुंबईंत शेंकडों माणसें दगावलीं. त्यानंतर पात्र खोल करण्यासाठीं गाळाचा मोठा उपसा झाला. तो नको होता असें कोण म्हणेल? प्राण आधीं, बखर मागून. परंतु पूर आणि उपसा यांनीं थर ढवळले, कीं तिथि पुसली जाते. शिवाय प्राणवायूविना असलेल्या चिखलांत गंधकाशीं बांधलेले धातु उघड्या हवेंत सुटे होऊं शकतात. म्हणून उपशापूर्वीं चार ठिकाणीं नळ्या रोवून थरांचे नमुने राखावे, आणि गाळ कोठें टाकावयाचा हें त्यांतील धातु मोजूनच ठरवावें, असें आम्हांस वाटतें. नदी विद्यापीठाच्या दाराजवळून वाहते; तिची साक्ष नोंदवून ठेवणें हें विद्यापीठाचेंच कर्तव्य नव्हे काय?